वर कोण धरणार?

या भागाचं रेकॉर्डिंग आमच्या गावच्या घरात केलंय, कर्जत स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटांवर. ज्यांनी ऐकलंय त्यांना मागे पंख्याची घरघर आणि मधूनच एक कोंबडा ऐकू आला असेल. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका. बोलताना जे विस्कळीत झालं ते इथे थोडं सरळ केलंय, बाकी जसंच्या तसं.

आज छताबद्दल बोलायचंय. घरांचा इतिहास सांगताना आपण भिंतींबद्दल बोलतो, दारांच्या नक्षीबद्दल बोलतो, चौकाबद्दल, तुळशीबद्दल. छत मात्र आपोआप वर गेल्यासारखं असतं. ते कुणी चढवलं, किती जणांनी धरलं, हे कुणी विचारत नाही. मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. पण गेल्या डिसेंबरात आमच्या माजघराला जिप्सम बोर्डाचं छत मी एकट्याने बसवायला घेतलं आणि हा प्रश्न अक्षरशः डोक्यावर आला.

एकट्याने का, ते आधी सांगतो.

माझे बाबा तीस वर्षं मुंबईत फॉल्स सीलिंगचं काम करत होते. पहाटेची कर्जत लोकल पकडायची, रात्रीच्या लोकलने परत यायचं. सुरुवातीला पीओपीचं काम, नंतर जिप्सम बोर्डाचं. तुम्ही कधी बोर्ड चढवताना बघितलंय का? दोन माणसं घोडीवर उभी राहतात. घोडी म्हणजे रंगारी वापरतात ती, उभं राहायची फळी असलेली. बोर्ड तळहातांनी आणि डोक्याने वर दाबून धरायचा. तिसरा माणूस ड्रिलने स्क्रू मारणार. पहिले चार-सहा स्क्रू बसेपर्यंत मान हलवायची नाही. बाबा उंच, म्हणून ते कायम धरणारे. साइटवर दिवसभर एकच हाक असायची, "वर कोण धरणार?" आणि उत्तर ठरलेलं.

आता त्यांच्या मानेचे दोन मणके झिजलेत. उजव्या हाताला मुंग्या येतात. वजन उचलायचं नाही आणि मान वर करून काम करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि आमच्या माजघराची अवस्था अशी, की वर उघडा स्लॅब, त्यावर वायरींच्या पट्ट्या आणि एक ट्यूबलाइट. आयुष्यभर लोकांची छतं केली आणि आपल्या घराला राहिलं, हे बाबा बोलून दाखवायचे नाहीत, पण आडवे पडले की वर बघत राहायचे.

मी गावातली दोन पोरं मदतीला बोलावू शकलो असतो. पण मला पक्कं माहीत होतं, त्यातलं एक जरी आलं नाही तरी बाबा "अरे, पाच मिनिटांचं तर काम आहे" म्हणत घोडीवर चढणार. त्यांना खाली ठेवायचा एकच मार्ग होता. दुसऱ्या धरणाऱ्याची गरजच शिल्लक ठेवायची नाही. म्हणून कल्याणच्या एका ओळखीच्या ठेकेदाराकडून बोर्ड उचलायचं यंत्र आठवड्यासाठी आणलं. त्याला पॅनल लिफ्ट म्हणतात. त्याच्याकडे येतोच, पण आधी थोडं मागे जाऊ. चांगलं दोन हजार वर्षं मागे.

छत आधी, जमीन नंतर

कर्जतहून कोंदिवड्याला गेलात की तिथून राजमाचीच्या पायथ्याच्या जंगलात एक वाट शिरते. ती कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाते. पावसाळ्यात लेण्याच्या कपाळावरून धबधबा पडतो आणि फोटो काढणाऱ्यांची झुंबड असते. पाण्याचा पडदा ओलांडून आत गेलात तर चैत्यगृह लागतं. सुमारे सहासष्ट फूट लांब, अठ्ठावीस फुटांच्या आसपास उंच, वर हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार छत. आता जरा खाली बघा. बहुतेक खांब तुटलेत. काही ठिकाणी वरचा तुकडा छताला लटकतोय आणि खाली काहीच नाही. तरीही छत पडलेलं नाही.

असं का? कारण हे छत खांबांवर ठेवलेलंच नाही. तो डोंगरच आहे. लेणं खोदणारे वरून खाली खोदत आले. अजिंठ्याला अर्धवट राहिलेल्या लेण्यांत हा क्रम स्पष्ट दिसतो. वरचा भाग आधी घडवायचा, मग हळूहळू खाली उतरायचं. म्हणजे छत सगळ्यात आधी तयार होतं आणि जमीन सगळ्यात शेवटी. पायाखाली दगड असताना हाताच्या उंचीवर छत घडवून झालं, की मग तोच पायाखालचा दगड फोडत खाली जायचं. परांची नको, घोडी नको, वर धरायला माणूस नको. जगातल्या सगळ्या छतवाल्यांचा प्रश्न सह्याद्रीतल्या या पाथरवटांनी एका फटक्यात निकालात काढला होता. छत वर न्यायचंच नाही, आपणच खाली जायचं.

गंमत अशी की हे लोक लाकडी इमारतींची नक्कल करत होते. घाटावरच्या कार्ले आणि भाजे इथे तर दगडी छताला खऱ्या लाकडाच्या कमानीदार फासळ्या लावलेल्या आहेत, त्या आजही जागेवर आहेत. दगडाला त्या फासळ्यांच्या आधाराची काहीही गरज नाही. पण छत म्हटलं की फासळ्या हव्यात, ही डोळ्यांची सवय. म्हणजे आपण ज्याला आज "फॉल्स" सीलिंग म्हणतो, खऱ्या छताखाली दाखवायचं दुसरं छत, त्याची आपल्याकडची परंपरा फार जुनी आहे असं म्हणायला हरकत नाही.

कोंडाण्याच्या दर्शनी भागात, डाव्या हाताला, एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, अशा अर्थाचा. एका ओळीत एक नाव, फार तर त्याच्या गुरूचं दुसरं. पूर्वी मला वाटायचं, वा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराची सही! आता तो लेख वाचला की दुसरंच मनात येतं. छिन्नीला धार लावणारा कोण होता? फोडलेला दगड पाटीत भरून बाहेर कोण टाकत होता? "याने केलं" या शब्दांत किती जण मावतात?

हा प्रश्न लक्षात ठेवा. आजच्या भागात तो पुन्हा येणार आहे.

गिलाव्याला हात, बोर्डाला मान

कोकणात जुन्या कौलारू घरांत सपाट छत बहुधा नसतंच. आढं, वासे, रिपा, त्यावर कौलं, आणि खाली उभं राहून बघितलं तर थेट कौलाच्या फटीतून आलेला उन्हाचा कवडसा. ज्यांना परवडत असे ते फळ्या मारून घेत. त्याला मराठीत फार छान शब्द आहे, तक्तपोशी. फारसीतून आलेला. तक्ता म्हणजे फळी, पोशी म्हणजे झाकणं. वाड्यांमधला कडीपाट त्याच घराण्यातला. आणि जुन्या मराठीत "छत" म्हणजे वर ताणलेलं कापडसुद्धा. इंग्रजांच्या बंगल्यांत असं कापड ताणून त्याला सफेदी देत. वरून पडणारा कचरा, पाली, विंचू कापडावर अडकायचे आणि साहेबाच्या सूपमध्ये पडायचे नाहीत.

युरोप-अमेरिकेत याच काळात छताला लाकडाच्या बारीक पट्ट्या ठोकून त्यावर गिलावा करत. पट्ट्यांमधल्या फटींत गिलावा घुसतो, मागे फुगतो आणि अडकून बसतो. एकावर एक थर, प्रत्येक थर वाळायची वाट बघायची. आठवडे जात. पण हे काम खऱ्या कारागिराचं. थापी वर चालवायची आणि माल डोळ्यांत पडू द्यायचा नाही, हे कुणालाही जमत नाही.

हा जो माल, त्यातला एक महत्त्वाचा म्हणजे जिप्सम. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली त्याच्या खाणी होत्या, म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस. आपलं पीओपी. जिप्सम दगडात वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी असतं, दगडाच्या रचनेतच बांधलेलं. दीडशे अंशांच्या आसपास तापवलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि पांढरी पूड उरते. त्या पुडीत पुन्हा पाणी घातलं की ती आपलं गेलेलं पाणी परत घेते आणि दगड होते. आपल्या भारतात जिप्सम मुख्यतः राजस्थानातून येतं.

१८९४ मध्ये ऑगस्टीन सॅकेट नावाच्या अमेरिकन माणसाने एक पेटंट घेतलं. कागदाचे थर आणि मध्ये प्लास्टर, असा तयार तक्ता. लाकडी पट्ट्या ठोकायला नकोत, थेट हा तक्ता ठोका. १९०९ मध्ये त्याची कंपनी युनायटेड स्टेट्स जिप्समने विकत घेतली आणि १९१७ पासून सुधारलेला बोर्ड "शीटरॉक" या नावाने बाजारात आला. आगीत हा बोर्ड बराच वेळ टिकतो, कारण आतलं बांधलेलं पाणी वाफ होऊन जाईपर्यंत त्याच्या मागची बाजू फार तापत नाही.

जाहिरातीत सांगितलं गेलं की आता वेळ वाचेल, मजुरी वाचेल. वाचलीच. पण एक गोष्ट बदलली, तिच्याबद्दल कुणी फार बोललं नाही. गिलावा करणारा माणूस एका वेळी थापीभर माल वर नेत होता. बोर्ड मात्र अख्खाच वर न्यावा लागतो. आपल्याकडे छतासाठी नेहमी वापरतात तो साडेबारा मिलिमीटर जाडीचा चार बाय सहा फुटी बोर्ड साधारण वीस किलोचा. वीस किलो म्हणजे काही फार नाही, तुम्ही म्हणाल. सिमेंटची गोणी पन्नास किलोची असते. पण गोणी खांद्यावर घेऊन चालता येतं. हा वीस किलोचा पत्रा डोक्यावर आडवा धरून, हात वर करून, स्थिर उभं राहायचं असतं. दिवसातून तीस-चाळीस वेळा. गिलाव्याला कारागिराचा हात लागायचा. बोर्डाला मान लागते.

मग अमेरिकन सुतारांनी टेकू वापरायला सुरुवात केली. उभ्या दांड्यावर आडवी पट्टी, इंग्रजी टी अक्षरासारखी. छतापेक्षा अंगुळभर लांब, म्हणजे बोर्डाखाली घट्ट अडकवता येते. या टेकूला त्यांनी नाव दिलं "डेडमॅन", मेलेला माणूस. थकत नाही, बोलत नाही, मजुरी मागत नाही. हे नाव मी पहिल्यांदा बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे आम्ही जिवंत होतो तेवढाच फरक."

माथेरानला बोर्ड कसा जातो

आमच्या तालुक्यात अशी एक जागा आहे जिथे हा वजनाचा हिशेब उघड दिसतो. माथेरान. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढून गेले आणि मग साहेबांचे, पारशी शेटजींचे बंगले उभे राहिले. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळवरून छोटी रेल्वे वर नेली. पण गावात मोटारी नाहीत. दस्तुरी नाक्याला गाडी सोडायची, पुढे पायी किंवा घोड्यावर. हल्ली ई-रिक्षा आल्यात, आणि माणसाने ओढायची हातरिक्षा बंद करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला. तोपर्यंत म्हातारी माणसं, आजारी माणसं, सामान, सगळं माणसाच्या नाहीतर घोड्याच्या अंगावर.

मी सातवीत असताना बाबांना माथेरानच्या एका हॉटेलचं काम मिळालं. दिवाळीच्या सुट्टीत मी बरोबर गेलो. पीओपीच्या गोण्या घोड्यांवर लादल्या. बोर्ड मात्र घोड्यावर जाईनात. आडवा बोर्ड झाडांना अडकतो, त्याच्या फडफडीने घोडा बुजतो. म्हणून बोर्ड माणसांच्या डोक्यावर. लाल मातीची वाट, एकामागे एक माणसं, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढरा तक्ता. मोकळ्यावर आलं की वारा बोर्डाला शिडासारखा धरायचा आणि माणूस आपल्याच पायावर गर्रकन फिरायचा. मला ते भारी मजेशीर वाटलं होतं. मी हसलो. बाबांनी बोर्डाखालून माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी माझा हात आपल्या मानेवर ठेवला आणि म्हणाले, "दाब जरा." मान दगडासारखी होती.

त्या हॉटेलच्या जेवणघरात आजही ते छत असेल. खाली बसून लोक पोहे खात असतील. माथेरानला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे कदाचित एव्हाना ते बदललंही असेल. जिप्समला ओल चालत नाही, बोर्ड पोटाला आल्यासारखा खाली येतो.

खालच्या अंगाला, खालापूर तालुक्यात चौकजवळ, उलटी गंमत आहे. तिथे नितीन चंद्रकांत देसाईंनी २००५ मध्ये स्टुडिओ उभा केला. "जोधा अकबर"साठी आग्र्याचे महाल तिथेच उभे राहिले. लाकूड, प्लाय, पीओपी आणि रंग. बघणाऱ्याला दगडच वाटावा. पण सेटवर गेलात तर वर बघा. बऱ्याच दालनांना छतच नसतं, कारण दिवे वरून सोडायचे असतात. एवढा थाटमाट, आणि छत तेवढं सोडलेलं. सिनेमावाल्यांनाही "वर कोण धरणार" हा प्रश्न टाळणंच परवडतं.

एकटीने बांधलेला घाट

आता घाटाकडे. कर्जतच्या माणसाला कुठलीही गोष्ट वर कशी गेली हे सांगायचं तर घाटाशिवाय पुढे जाता येत नाही.

१८५६ मध्ये रेल्वे पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली आणि डोंगराशी येऊन थांबली. वर खंडाळा. त्याच वर्षी बोरघाटाच्या चढणीचं काम सुरू झालं. साडेपंचवीस किलोमीटरच्या आसपास लांबी, त्यात ५५८ मीटरची चढण, २५ बोगदे. पहिला ठेकेदार फॅव्हिएल १८५९ मध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि थोड्याच महिन्यांत आजारी पडून वारला. मग ठेका हातात घेतला त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने. १८६३ मध्ये घाट सुरू झाला.

ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. हल्ली ती फार फिरते. "एकट्या बाईने बांधला बोरघाट" अशा मथळ्याने. तिचं धाडस खरंच मोठं आहे, त्यात शंका नाही. परका देश, नवरा गेलेला, आणि तरी ठेका सोडला नाही. पण "एकट्या"? प्रत्यक्ष काम बघायला तिने अ‍ॅडमसन आणि क्लाउझर हे दोन इंजिनिअर नेमले. आणि १८६१ च्या सुमारास घाटात काम करणाऱ्या माणसांची संख्या बेचाळीस हजारांवर गेली होती. बेचाळीस हजार! कड्यावरून दोराने लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडणारे, दगड वाहणारे, पाणी वाहणारे, बायका, पोरं. कॉलऱ्याने आणि तापाने त्यातली कितीतरी तिथेच गेली. कोंडाण्याच्या भिंतीवर निदान बलकाचं नाव आहे. घाटातल्या या माणसांचं नाव मला कुठल्या पाटीवर आजवर दिसलेलं नाही.

आणि तो घाट वापरतानाही बघा. कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी थांबते, लोक वडा घ्यायला उतरतात, तेवढ्यात मागे धक्का बसतो. बँकर लागतो. म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं. घाटात सर्वांत तीव्र चढ एकास सदतीस, सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पुढचं इंजिन एकटं ओढू शकत नाही, म्हणून मागून जोर लावायचा. खंडाळा-लोणावळ्याला बँकर सुटतात. गाडीतल्या बहुतेकांना ते कधी लागले आणि कधी सुटले हे कळतही नाही. पुण्याला पोचल्यावर सगळे म्हणतात, गाडीने घाट चढला.

आम्ही कर्जतकर मात्र त्या धक्क्यावर वाढलोय. वर जाणारी गोष्ट एकटी जात नाही हे आम्हाला स्टेशनवरच शिकवलं जातं.

माजघर

आता यंत्र. पॅनल लिफ्ट म्हणजे खाली चाकांवरची तिवई, मध्ये एकात एक सरकणारा खांब, वर आडव्या दांड्यांचा पाळणा. बाजूला एक चाक. चाक फिरवलं की पोलादी दोर ड्रमवर गुंडाळला जातो आणि खांब उंच होत जातो. चाकाचा घेर मोठा, ड्रमचा लहान. हाताला बरंच अंतर फिरावं लागतं, बोर्ड थोडासाच वर जातो, पण त्या बदल्यात जोर अगदी कमी लागतो. घाटही हेच करतो. थेट वर न्यायचं सोडून लांबचा रस्ता घ्यायचा आणि चढण वाटून टाकायची.

माजघर बारा बाय बाराचं. चार बाय सहाचे सहा बोर्ड हवेत, एक जादा धरून सात आणले, कल्याणहूनच, यंत्राबरोबर टेम्पोतून. आधीचे दोन दिवस सांगाडा करण्यात गेले. चारही भिंतींना पातळीत चॅनल, स्लॅबला पट्ट्या, त्यावर आडवे चॅनल, आणि त्यांच्या काटकोनात दीड-दीड फुटांवर सीलिंग सेक्शन. दीड फूट अशासाठी की सहा फुटांचा बोर्ड बरोबर सेक्शनवर संपला पाहिजे, हवेत नाही. पंख्याचा हूक थेट स्लॅबमधून खाली घेतला. पंख्याचं वजन बोर्डावर कधीही द्यायचं नाही, हे बाबांनी मला चार वेळा सांगितलं. ते दाराशी खुर्ची टाकून बसले होते आणि मान न वळवता सगळं बघत होते.

तिसऱ्या दिवशी पहिला बोर्ड. पाळणा तिरका करून खाली घ्यायचा, बोर्डाची चांगली बाजू दांड्यांकडे ठेवून आकड्यांवर टेकवायचा, मग पाळणा आडवा करायचा आणि चाक फिरवायचं. मी फिरवलं. बोर्ड हळूहळू डोक्याच्या वर गेला. वीस किलो माझ्या डोक्यावरून वर चाललेत आणि माझ्या मानेला काही नाही! मी बाबांकडे बघितलं. ते बोर्डाकडे बघत नव्हते, चाकाकडे बघत होते.

आणि तेवढ्यात मी घोळ केला. ब्रेकचा खटका नीट बसला नव्हता. मी हात सोडला आणि चाक उलटं सुटलं. सर्रकन बोर्ड खाली आला, पाळणा हिसका खाऊन कलला आणि बोर्डाचा एक कोपरा भिंतीवर आपटून बिस्किटासारखा तुटला. माझा हात दोन बोटांनी वाचला. चूक सगळी माझी. घाटात वर चढणाऱ्या गाडीपेक्षा उतरणाऱ्या गाडीची धास्ती जास्त असते, सुटलेली गाडी अडवायला तिथे वेगळे चढे रूळ टाकलेत. हे मी दहा वेळा माइकसमोर सांगितलंय. हाताला कळलं नव्हतं.

बाबा उठले. मला वाटलं आता ओरडतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे घोडी ओढतील. त्यांनी तसं काही केलं नाही. यंत्रापाशी आले, चाक धरलं, खटका पाडून बघितला, सोडला, परत पाडला. "टिक टिक ऐकायचं," म्हणाले. "आवाज आला नाही तर हात सोडायचा नाही." मग कमरेच्या उंचीवरचं ते चाक डाव्या हाताने हळूहळू फिरवायला लागले. मान सरळ, नजर समोर.

"तू वर जा," म्हणाले. "मी धरतो."

मी विरोध करायला तोंड उघडलं आणि मिटलं. धरण्यासारखं त्यात काही नव्हतं. चाकाला एका हाताची ताकदही पुरी लागत नव्हती. वर बघायची गरज नव्हती, कारण कुठे थांबायचं ते मीच घोडीवरून सांगणार होतो.

मग आमचा ताल बसला. मी बोर्ड पाळण्यावर ठेवायचा आणि घोडीवर चढायचं. बाबा चाक फिरवणार. शेवटचे चार बोटं अंतर राहिलं की मी म्हणायचं, "हळू," आणि ते एकेक टिक देणार. बोर्ड सांगाड्याला टेकला की यंत्र त्याला तसंच दाबून ठेवतं. कितीही वेळ. स्क्रू नऊ-नऊ इंचांवर, डोकं कागदाच्या किंचित आत गेलं पाहिजे पण कागद फाटता कामा नये. मी सावकाश मारले. घाई करायला कुणाची मान अडकलेली नव्हती. तुटका बोर्ड बाजूला ठेवला, जादाचा कामी आला. सांधे एका रेषेत येऊ नयेत म्हणून मधल्या रांगेत सहाव्या बोर्डाचे दोन अर्धे केले, दोन टोकांना एकेक. एकूण सात वेळा पाळणा वर गेला. सातही वेळा चाक बाबांनी फिरवलं.

शेवटचा अर्धा तुकडा बसला तेव्हा संध्याकाळ झाली होती. सांध्यांना कागदी पट्टी आणि लांबी लावायचं काम दुसऱ्या दिवसावर टाकलं. आई चहा घेऊन आली, वर बघून म्हणाली, "दोघांनी केलंत होय?" मी म्हटलं, "नाही, एकट्याने. यंत्र होतं." बाबांनी बशीत चहा ओतला आणि काहीच बोलले नाहीत. रात्री झोपताना मला ते माझंच वाक्य टोचायला लागलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बलकाला मी किती सहज विचारलं होतं, "याने केलं" यात किती जण मावतात म्हणून.

सकाळी लांबी कालवायच्या आधी सुताराची पेन्सिल घेतली. तुटका बोर्ड अजून भिंतीला टेकून उभा होता. त्याचा एक हातभर तुकडा कापला, त्यावर तारीख लिहिली, खाली बाबांचं नाव, त्याखाली माझं. ट्यूबलाइटसाठी ठेवलेल्या भोकातून तो तुकडा वर, सांगाड्याच्या आत सरकवून दिला. कुणी कधी हे छत उतरवलं तर सापडेल.

बाबांना मी ते सांगितलेलं नाही. हा भाग ऐकतील तेव्हा कळेल. ते भाग ऐकतात, पण आवाज फार मोठा करून आणि मधे मधे आईशी बोलत, त्यामुळे कदाचित सुटेलही.

तुमच्या घराचं छत कुणी धरलं होतं, माहीत असेल तर कळवा. मिस्त्रीचं नाव बहुतेकांना आठवतं. मला त्याच्याबरोबरच्या धरणाऱ्याचं हवंय.

भेटूया पुढच्या भागात.